बेन रायलीची पाच वर्षं

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' पाहिला असेल, तर बेन रायलीला तुम्ही भेटला आहात. लाल सूट, त्यावर बाह्या नसलेली निळी हुडी, आणि दर दोन वाक्यांनी आपल्या जुन्या दुःखांची आठवण काढत नाट्यमय पोझ घेणारा माणूस. २०२३ साली हा सिनेमा भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. थिएटर त्याला हसलं. मीही हसलो.

हसून झाल्यावर मात्र जरा ओशाळल्यासारखं झालं. या माणसाची मूळ गोष्ट मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर, तीन रात्री जागून वाचली होती. तिला 'क्लोन सागा' म्हणतात. कॉमिक्सवाल्यांच्या जगात हे नाव शिवीसारखं वापरलं जातं: ताणलेली, गोंधळलेली, पानं भरण्यासाठी वाढवलेली गोष्ट. हे सगळे आरोप खरे आहेत. तरीही मला वाटतं की त्या पसाऱ्यात 'मी कोण' या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर होतं, आणि मार्व्हलने ते स्वतःच्या हाताने पुसून टाकलं.

सुरुवात होते एका मृत्यूपासून. १९७३ सालच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१व्या अंकात ग्वेन स्टेसी मरते. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून खाली टाकतो, स्पायडर-मॅन जाळं फेकून तिला झेलतो, आणि वर ओढून घेतो तेव्हा ती गेलेली असते. नायकाची प्रेयसी अशी मरणं वाचकांच्या पचनी पडलं नाही. ते भडकले. हा अंक लिहिणाऱ्या गेरी कॉनवे यांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय की, स्टॅन ली यांनी त्यांना ग्वेनला परत आणायला सांगितलं. मेलेल्या माणसाला परत कसं आणायचं? कॉनवेंनी क्लोनचा रस्ता काढला.

क्लोन बनवायला खलनायक लागतो. तो म्हणजे पीटर पार्करच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा प्राध्यापक माइल्स वॉरन, ऊर्फ जॅकल. ग्वेन त्याची विद्यार्थिनी, आणि त्याचा तिच्यावर मनातल्या मनात कुजलेला जीव. तो तिच्या आणि पीटरच्या पेशी आपल्या सहायकाला देतो, त्या उंदराच्या आहेत असं खोटं सांगून. प्रयोगशाळेत वाढतायत ती माणसं आहेत हे सहायकाच्या लक्षात येतं. हे नष्ट करायला हवं असं तो म्हणतो, आणि वॉरनच्या हातून त्याचा जीव जातो.

जरा थांबून बघा, हा जॅकल कुणासारखा दिसतो? 'आमची ग्वेन परत द्या' म्हणून पत्रं लिहिणाऱ्या वाचकासारखा. कॉनवेंनी मागणी पूर्ण केली, पण मागणाऱ्याला खलनायक करून.

१९७५ सालच्या १४९व्या अंकात शेवट होतो. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये जॅकल दोन स्पायडर-मॅन समोरासमोर उभे करतो. दोघांनाही वाटतं की खरा मीच. स्फोट होतो, जॅकल मरतो, दोघांतला एक स्पायडर-मॅनही मरतो. पण माझ्या मते त्या अंकातली सगळ्यात मोठी गोष्ट मारामारीनंतर घडते. ग्वेनची क्लोन निघून जाते. तिच्याकडे ग्वेनचा चेहरा आहे, ग्वेनच्या आठवणी आहेत, समोर ग्वेनचा पीटर उभा आहे. तरी ती स्वतःचं आयुष्य शोधायला चालू लागते. ज्या बाईला परत आणण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तिने परत यायला नकार दिला.

हे पान मी हॉस्टेलवर पुन्हा पुन्हा वाचलं, त्याचं कारण माझं नाव. ते माझ्या काकाचं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो वारला, आणि वर्षभराने मी जन्मलो. मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा आजी म्हणाली होती, "आला गं माझा परत." घरात हे कौतुकानेच सांगितलं जायचं. गणितात चांगले मार्क पडले की 'त्याच्यासारखाच', पुरणपोळी नको म्हटलं की 'असं कसं, त्याला तर किती आवडायची'. कुणीही माझं काही वाईट केलं नाही. उलट फार प्रेम मिळालं. फक्त त्या प्रेमाच्या पाकिटावर पत्ता दुसऱ्याचा होता. त्यामुळे ग्वेनची क्लोन चालू लागते तेव्हा ती नेमकं काय सोडून जातेय, हे मला कळत होतं.

आता पीटरकडे येऊ. स्फोटातून वाचलेला तो स्पायडर-मॅन खरा की क्लोन? १५०व्या अंकात हाच प्रश्न त्याला छळतो. तो शास्त्रज्ञ कर्ट कॉनर्सकडून तपासणी करून घेतो. पण मग त्याच्या लक्षात येतं की आपलं मेरी जेनवर प्रेम आहे. पेशी घेतल्या गेल्या त्या वेळी हे प्रेम नव्हतं, म्हणजे क्लोनकडे ते असणार नाही. तेवढ्यावर त्याचं समाधान होतं, आणि तो रिपोर्ट न वाचताच फेकून देतो. तर्क म्हणून यात भोकं आहेत. पण विचार म्हणून सुंदर आहे. तो म्हणतोय की मी कोण ते माझ्या पेशींवरून ठरत नाही. नमुना घेतल्यानंतर मी काय जगलो त्यावरून ठरतं.

मेलेल्या क्लोनचं शरीर त्याने एका धुराड्यात टाकलं होतं. १९९४ साली मार्व्हलने ठरवलं की तो मेलाच नव्हता. धुराड्यातून बाहेर पडला, शहर सोडलं, आणि पाच वर्षं भटकत राहिला. बेन काकांचं नाव आणि मे काकूंचं माहेरचं आडनाव जोडून त्याने स्वतःला नाव घेतलं: बेन रायली. मे काकू आजारी असल्याचं कळतं म्हणून तो परततो.

'क्लोन सागा'चं सगळ्यात चांगलं काम इथे आहे. १९९५च्या ४००व्या अंकात मे काकू जातात. पीटर त्यांच्या उशाशी असतो. बेन बाहेर. दोघांच्याही आठवणीत त्यांच्या हातचं जेवण सारखंच आहे, दोघांनीही लहानपणी त्याच कुशीत रडून घेतलंय. पण पुतण्या म्हणून घरात बसायचा हक्क एकालाच. नात्याची आठवण आहे, नातं नाही. सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये परकेपण इतक्या साध्या पद्धतीने मांडलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

आणि मग गाडी घसरते. त्या वेळी स्पायडर-मॅनची चार मासिकं निघत होती, आणि गोष्ट या चारही मासिकांतून जवळपास दोन वर्षं पळवली गेली. पीटरचं लग्न झालं होतं. संपादकांना पुन्हा एकटा, मोकळा स्पायडर-मॅन हवा होता. म्हणजे पुन्हा तेच: गेलेलं परत आणायचं, क्लोन वापरून. १९९५च्या 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन'च्या २२६व्या अंकात प्रयोगशाळेचा निकाल येतो की बेन खरा आणि पीटर क्लोन. ते ऐकून पीटर इतका बिथरतो की त्याचा हात गरोदर मेरी जेनवर पडतो. 'मी खरा नाही' म्हटल्यावर माणूस आपली सगळी सभ्यताच गमावून बसतो, असं लेखकांना सुचवायचं होतं का? तसं असेल तर १९७५च्या पीटरने त्यांना केव्हाच उत्तर दिलं होतं. त्याने रिपोर्ट वाचला नव्हता.

वीस वर्षं ज्याच्यासोबत घालवली तो नकली, हे वाचकांना सहन झालं नाही. मार्व्हलने माघार घेतली. १९९६च्या अखेरीस 'पीटर पार्कर: स्पायडर-मॅन'च्या ७५व्या अंकात नॉर्मन ऑसबॉर्न परततो. पीटरवर आलेला वार बेन स्वतःवर घेतो आणि मरतो. मरताना त्याच्या शरीराची माती होते. या जगात क्लोनचं शरीर असंच विरघळतं. म्हणजे क्लोन तो होता, पीटर खरा. प्रकरण बंद.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून मला ही माती जास्त खटकते. एखाद्या फाइलची कॉपी केली की दोन्हींतला मजकूर अक्षर न् अक्षर सारखा असतो. मूळ कुठली हे मजकुरात शोधून सापडत नाही, ते फार तर बाहेर चिकटवलेल्या तारखेत सापडतं. आम्ही गिटवर काम करतो तेव्हा एकाच जागेवरून दोन ब्रँच फुटतात. फुटण्याच्या क्षणापर्यंतचा इतिहास दोन्हींचा असतो, पूर्णपणे, कुणाचा कमी नाही. त्यानंतर प्रत्येकीत जे बदल होतात ते फक्त तिचे. एकीला 'मेन' म्हणायचं ही टीमची सोय. उद्या टीमने ठरवलं तर दुसरी 'मेन' होईल, कोडला त्याचा पत्ताही लागणार नाही.

बेनच्या ब्रँचमध्ये पाच वर्षं आहेत. अनोळखी गावं, मिळेल ते काम, खोटी कागदपत्रं, कुणाला खरं नाव सांगता न येणं. ही पीटरकडून कॉपी झालेली नाहीत. वार अंगावर घ्यायचा निर्णयसुद्धा बेनचा स्वतःचा आहे. मार्व्हलने मात्र त्या क्षणी त्याची तारीख तपासली, 'कॉपी' असा शिक्का मारला आणि फाइल डिलीट केली. मरणाचं त्याचं शौर्य हाच त्याच्या नकलीपणाचा पुरावा ठरवला, हे मला आजही क्रूर वाटतं.

गंमत म्हणजे बेनची माती होऊन काही महिने होतायत तोच, फेब्रुवारी १९९७मध्ये स्कॉटलंडच्या डॉली मेंढीची बातमी जगभर झाली. खरा क्लोन कसा असतो ते लोकांना दिसलं. तो तयार शरीर आणि भरलेल्या आठवणी घेऊन येत नाही. डॉली कोकरू म्हणून जन्मली, वाढली, तिला स्वतःची सहा कोकरं झाली. ज्या मेंढीच्या पेशीतून ती आली, तिचं आयुष्य डॉलीने पुढे चालू ठेवलं नाही. तिने तिचंच सुरू केलं.

२०१६ साली 'द क्लोन कॉन्स्पिरसी'मध्ये लेखक डॅन स्लॉट बेनला परत आणतात, आणि या वेळी जॅकल तोच असतो. वॉरनने त्याला पुन्हा पुन्हा मारून पुन्हा पुन्हा जन्माला घातलेलं असतं. आता बेन मेलेल्यांना परत आणतोय, त्यांच्या जिवंत माणसांच्या भल्यासाठी. बऱ्याच चाहत्यांना हा बेनचा अपमान वाटला. मला ती त्या कथेतली एकमेव धारदार गोष्ट वाटते. ज्याच्यावर 'दुसऱ्याची प्रत' म्हणून अन्याय झाला, तोच उद्या मेलेल्यांच्या प्रती काढून वाटेल, आणि त्याला ते परोपकार वाटेल. तो पीटरला बेन काकांना परत आणायची तयारी दाखवतो. पीटर नको म्हणतो. चाळीस वर्षांपूर्वी चालू लागलेल्या ग्वेनचं म्हणणं अखेर त्याच्यापर्यंत पोहोचलं, असं मी समजतो.

पुण्यात नोकरी लागल्यावर एकदा होळीला घरी गेलो होतो. आजी तेव्हा फारशी उठत नव्हती, पण ताटं वाढताना तिथेच खुर्चीवर बसलेली असायची. माझ्या ताटात पुरणपोळी पडत होती, तेवढ्यात ती आईला म्हणाली, "त्याला नको वाढूस, त्याला नाही आवडत." मग थोडं थांबून, "ह्याला नाही आवडत." आईने भात वाढला. त्यावर कुणी काही बोललं नाही.

बेनला असं वाढणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सिनेमात तो हुडी ओढून पोझ घेतो, तेव्हा पुढच्या वेळी हसा खुशाल, विनोद चांगलाच आहे. नंतर मात्र त्याची पाच वर्षं शोधून वाचा. १९९४पासून सुरुवात करा, आणि शेवटची माती आली की ते पान उलटून टाका, पीटरने रिपोर्ट फेकला होता तसं.