सनद आणि नांगर : केशवसुतांच्या आत्मप्रत्ययाविषयी

केशवसुतांच्या कवितेचा प्रवास आत्मविश्वासाकडून विफलतेकडे झाला, अशी मांडणी वर्गात अनेकदा केली जाते. ‘तुतारी’तील आवाहन, ‘आम्ही कोण?’मधील कविमाहात्म्य आणि अखेरीस ‘हरपले श्रेय’मधील निष्फळ शोध, असा हा आलेख आहे. तुटपुंज्या वेतनाची शिक्षकी आणि १९०५ साली प्लेगने झालेला अकाली मृत्यू यांच्या आधाराने तो पटण्याजोगाही वाटतो. तथापि, रचनाकाल लक्षात घेतला की तो टिकत नाही.

‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन्ही कविता १८९३ मधील, तर ‘आम्ही कोण?’ १९०१ मधील. ‘झपूर्झा’त ज्ञाताच्या सीमेपलीकडे न नांगरलेली विपुल भूमी आहे, परंतु ती कसण्याची सनद हजारांतल्या एखाद्यालाच लाभते. नांगर धरणे माणसाच्या हाती आहे, सनद मिळवणे नाही. म्हणजेच परिश्रमाच्या मर्यादेची जाणीव या कवीला त्याच्या तथाकथित गर्वोक्तीच्या आठ वर्षे आधीच झालेली होती.

मग ‘आम्ही कोण?’मधील उद्गाराचे काय? ज्यांना वगळले तर तारांगणे निस्तेज होतील असे ते ‘आम्ही’ म्हणजे समग्र कविकुल होय. हयातीत ज्याचा एकही संग्रह निघाला नाही (पहिला संग्रह १९१७ मधील), तो कवी येथे स्वतःच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडत नाही. कवित्वाच्या अधिकाराची ग्वाही देतो. ‘आम्ही’ हे स्वगौरवाचेही अनेकवचन असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र अत्र्यांच्या विडंबनातही चिमटे बसतात ते कवींच्या एका वर्गाला. ‘आम्ही’चा समूहवाचक अर्थ विडंबनकारानेही गृहीत धरलेला दिसतो.

उलट ‘हरपले श्रेय’मध्ये त्रिखंड धुंडाळणारा कर्ता एकवचनी आहे. श्रद्धा कवित्वावर आणि मर्यादा स्वतःच्या श्रमांची, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच एकीने दुसरी खोटी ठरत नाही. त्यांची गल्लत झाली की पहिलीचा अहंकार होतो आणि दुसरीचे वैफल्य. केशवसुतांच्या बाबतीत ही गल्लत कवीपेक्षा वाचकांनीच अधिक केली आहे.

‘हरपले श्रेय’चे ध्रुवपद वर्तमानकाळात आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. हरपलेले गवसत नाही. धुंडाळणे मात्र थांबलेले नाही. सनदेची शाश्वती नसताना नांगर खाली न ठेवणे, एवढाच या कवीच्या आत्मप्रत्ययाचा खरा अर्थ आहे.