कमी आहे, म्हणून द्यावे?

‘शरीरात अमुक पदार्थ कमी पडला म्हणून आजार झाला, तो पदार्थ द्या, म्हणजे आजार बरा होईल.’ हा तर्क आपण वर्गात नेहमी शिकवतो. लोह आणि पंडुरोग, आयोडीन आणि गलगंड ही त्याची खरी उदाहरणे. पण तोच तर्क सरसकट लावला तर काय होते, हे ग्लुटामिनच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आपले शरीर स्वतःच, मुख्यतः स्नायूंमध्ये, तयार करते. पांढऱ्या पेशी आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी ते इंधन म्हणून वापरतात. फुप्फुसांच्या तीव्र दाहात केशवाहिन्यांतून द्रव झिरपून वायुकोशांत साचतो आणि रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. अशा अत्यवस्थ रुग्णांपैकी अनेकांच्या रक्तात ग्लुटामिन कमी आढळले. ज्यांच्यात ते कमी, त्यांच्यात मृत्यूही अधिक दिसले. प्रयोगशाळेतील उंदरांत जिवाणूंच्या विषाने असा दाह घडवला, तेव्हा ग्लुटामिनमुळे इजा कमी झाली. मग माणसांना ते द्यायला हरकत कोणती?

उत्तर २०१३ साली मिळाले. कॅनडा, अमेरिका आणि युरोपातील ४० अतिदक्षता विभागांतील १२२३ रुग्णांवर चाचणी झाली. हे सर्वजण व्हेंटिलेटरवर होते आणि त्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी होत होते. ग्लुटामिन कोणाला द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. सहा महिन्यांनंतर ग्लुटामिन मिळालेल्यांपैकी ४३.७ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३७.२ टक्के रुग्ण दगावले होते.

तर्क घसरला कोठे? पातळी कमी असणे हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकतो. थर्मामीटर झटकून पारा खाली आणला, म्हणून ताप उतरत नाही. शिवाय या चाचणीत ज्यांची पातळी मोजली, त्यांतील बहुतेकांत कमतरता नव्हतीच. आणि मुळात निरोगी असलेला उंदीर म्हणजे मूत्रपिंड थकलेला रुग्ण नव्हे.

यावरून ग्लुटामिन विषारी ठरवणे मात्र तितकेच चूक होईल. चाचणीतील मात्रा मोठी होती, रुग्ण अत्यवस्थ होते आणि सगळ्यांचाच आजार फुप्फुसांचा नव्हता. आमचा आक्षेप पदार्थाला नाही, पुराव्याआधी केलेल्या घाईला आहे.

याच आजारात खरा लाभ कशाने झाला, तेही पाहू. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ८६१ रुग्ण होते. व्हेंटिलेटरच्या एका श्वासातील हवा शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांऐवजी ३१ टक्के आढळले. येथे काहीच नवे दिले नव्हते. सुजलेल्या फुप्फुसांवरचा ताण तेवढा कमी केला होता.

अमिनो आम्लांचे डबे आज औषधांच्या दुकानात सहज मिळतात. प्रथिनांचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारायला लावू या : कमतरता मोजली का? ती कारण की परिणाम? आणि माणसांवर, तुलना करून, पडताळा झाला का?