साक्षीदार, वकील आणि ‘स्मृतिचित्रे’

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे रोजच्या जगण्यात ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगावी कशी. चर्चमध्ये यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘साक्ष’. शब्द कोर्टातला आहे, तेव्हा कोर्टाच्याच भाषेत विचारू: साक्षीदाराचं काम काय? जे पाहिलं ते सांगायचं. खटला चालवायचा वकिलाने, निकाल द्यायचा न्यायाधीशाने. आमचा आक्षेप एवढाच आहे की साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस बहुधा दुसऱ्याच वाक्याला वकील होतो आणि तिसऱ्याला न्यायाधीश.

हा आक्षेप तपासून बघायला मराठीत एक फार चांगलं पुस्तक आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. आपण ते विनोदासाठी वाचतो, एका संसाराची गोष्ट म्हणून वाचतो. आज ते श्रद्धा सांगण्याच्या दोन पद्धतींचा लेखाजोखा म्हणून वाचून पाहू.

पहिला प्रसंग आगगाडीतला. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. बोलणं सुरू झालं ते कवितेवरून. मग विषय धर्माकडे वळला, आणि निघताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचीन असा शब्द दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांपाशी, ते थबकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांनाही ठाऊक नव्हतं.

आता बघा, या माणसाने काय केलं? शेजारच्याला आवडणाऱ्या गोष्टीत आधी रस घेतला. आपल्याजवळचं पुस्तक दिलं. आणि गाडीतून उतरून गेला. पाठपुरावा नाही, हिशेब नाही. आपल्या न्यायदर्शनात ‘शब्द’ हे प्रमाण मानलंय, पण तो ‘आप्ता’चा शब्द असला पाहिजे. आप्त कोण? ज्याला गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. भाष्यकाराने हे किती शतकांपूर्वी लिहून ठेवलंय! आगगाडीतला तो गोरा प्रवासी या अर्थाने टिळकांचा आप्त ठरला.

पण गोष्ट इथे संपवली तर आम्ही समीक्षक कसले? दुसरा प्रसंग घरातला आहे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना तो नंतर कळला. जे जगाला सांगावंसं वाटलं ते बायकोला आधी सांगितलं नाही. मग ताटातूट, नातेवाइकांच्या घरचे दिवस, पदरात लहान मूल. हा सगळा भाग लक्ष्मीबाई हसत-हसवत लिहितात म्हणून आपणही हसत पुढे जातो. जरा थांबायला हवं. टिळकांविषयी आम्हाला नितांत आदर आहे, पण श्रद्धेचा निर्णय स्वतःचा असला तरी त्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतं, हे त्यांना त्या वेळी दिसलं नाही असंच म्हणावं लागेल.

पुढे दोघं पुन्हा एकत्र आली. लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. आणि इथे टिळकांनी मोठी गोष्ट केली, ती म्हणजे त्यांनी ते चालू दिलं. रागीट माणूस, भांडणं भरपूर, पण धर्माच्या बाबतीत सक्ती नाही. राहुरीच्या मुक्कामात बाईंच्याच मनात प्रश्न उभा राहिला की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तरही त्यांचं त्यांनीच काढलं आणि कुणाच्याही हातचं खायचं असं ठरवलं. बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला. म्हणजे त्यांच्या मनातलं परिवर्तन सुरू झालं ते पाण्याच्या तांब्यापाशी, रोजच्या स्वयंपाकघरात.

इथे कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: ज्या काळात नवऱ्याशिवाय बाईला आधार नव्हता, त्या काळातला हा निर्णय कितपत मोकळा? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की परिस्थिती मोकळी नव्हती. पण त्यांचा विचार मोकळा होता याचा पुरावा पुस्तकाच्या पानापानावर आहे. नवऱ्याच्या लहरींवर, मिशनच्या कारभारावर, स्वतःच्या भोळेपणावर ही बाई सारखीच बोट ठेवते. दबलेलं मन असं लिहीत नाही.

मात्र संयमाचंही डावपेचात रूपांतर होऊ शकतं, हे विसरू नका. ‘आधी मैत्री करू, मग हळूच विषय काढू’ हा सल्ला आजकाल फार ऐकू येतो. कांटच्या भाषेत हा माणसाला साधन बनवण्याचा प्रकार. शेजाऱ्याच्या आजारपणात डबा नेताना मनात मोजदाद चालू असेल तर तो डबा आमिष झाला. कसोटी सोपी आहे. समोरच्याने शेवटपर्यंत ‘नको’ म्हटलं तरी डबा जाणार आहे का? जाणार असेल तर ती साक्ष.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे; पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. त्यावर कायदेपंडित वाद घालतात, घालोत. श्रद्धावंताने मात्र त्यातला एक अर्थ आनंदाने घ्यावा. सांगणं आपलं, वळणं ज्याचं त्याचं. पेत्राच्या पहिल्या पत्रातही आशेचं कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायला सांगितलंय. म्हणजे समोरच्याने विचारावं असं आपलं जगणं आधी हवं.

टिळकांना हे शेवटी उमगलं असावं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आम्ही आयुष्यभर वर्गात युक्तिवाद शिकवला. वादात जिंकून मित्र गमावल्याचा अनुभव आमच्याही गाठीशी आहे. म्हणून आज एवढंच मागणं: घरी जाऊन ‘स्मृतिचित्रे’ उघडा आणि या वेळी हसू आलं तिथे क्षणभर थांबा. आता तुमचे प्रश्न घेऊ.