चालकाकडे बघणारा कॅमेरा

(उमरी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, विषय मोटारीचा आहे, पण सुरुवात आपल्या स्टेशनातून करू. मुदखेडकडून धर्माबादकडे जाणारी गाडी इथून जाते. रेल्वेच्या इंजिनात एक यंत्र असतं. साधारण मिनिटभर लोको पायलटने काहीच केलं नाही, ना हॉर्न, ना ब्रेक, ना बटण, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, आणि तरीही हालचाल झाली नाही तर ब्रेक आपोआप लागतो. चांगलंच यंत्र आहे. पण ते एवढंच विचारतं, "जागे आहात ना?" हाताला एकदा बटणाची सवय लागली की अर्धवट झोपेतही हात उत्तर देतो.

मोटारींचं गाडं इथंच अडलंय. 'अ‍ॅडास'वाली गाडी लेन धरते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते. तरी कायद्याने चालक तुम्हीच. मग तुमचं लक्ष आहे का, हे ती कशी ओळखणार? एक पद्धत म्हणजे स्टिअरिंगवर हाताचा जोर पडतोय का ते पाहणं. लोकांनी तिथं पाण्याची बाटली अडकवली, संपला विषय! अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये टेस्लाला 20 लाखांहून जास्त गाड्या 'रिकॉल' कराव्या लागल्या, त्या याच कारणाने. चालकावर लक्ष ठेवण्याची सोय अपुरी आहे, असं तिथल्या सरकारी यंत्रणेचं म्हणणं होतं.

दुसरी पद्धत कॅमेऱ्याची. तो इन्फ्रारेड उजेडात, रात्रीसुद्धा, पापण्या किती वेळ मिटल्या, मान कुठं वळली हे मोजतो. बाटलीपेक्षा हे नक्कीच बरं. पण नजर रस्त्यावर आणि मन घरच्या लग्नात, हे त्याला कसं कळावं?

माझा आक्षेप मात्र त्याही आधीचा आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये दाखवलं, की नुसतं काट्याकडे बघत बसायला लावलं तर अर्ध्या तासातच माणसाची सावधता घसरते. 1983 मध्ये लिझान बेनब्रिज यांनी स्वयंचलित यंत्रांबद्दल हेच मांडलं: सोपं काम यंत्राला दिलं, की माणसाकडे उरतं ते राखण करण्याचं काम, आणि त्यातच तो कच्चा असतो. आपण चालकाचं काम काढून घेतो आणि मग रिकामा बसला म्हणून त्याच्यावर बीप वाजवतो. शिवाय गाडी त्याच्या हाती परत देते कधी? पट्टे पुसलेले असतात तेव्हा. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात पुढं उभी असते, नेमकं तेव्हा.

आता समृद्धी महामार्ग. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 माणसं गेली. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर बरेच दिवस वाद चालला. वादात बस होती, टायर होता, चालक होता. वेळापत्रक फारसं नव्हतं.

केंद्राच्या 2025 च्या मसुद्यात बस आणि मालट्रकमध्ये डुलकीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा प्रस्ताव आला. तिला माझा विरोध नाही, बसवा. पण तो इशारा कुणाकडे जाणार? मालकाच्या मोबाईलवर गेला तर सकाळी चालकाचा पगार कापला जाईल. मोटार कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाचे 8 तास ठरवले, सलग 5 तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. आपल्या भागातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर जाणाऱ्या पोरांना विचारा, ती किती मिळते.

जो कॅमेरा पापणी मोजू शकतो, तो चालक किती वाजता सीटवर बसला हेही नोंदवू शकतो. ती नोंद आरटीओकडे थेट जायला हवी, आणि तास ओलांडले तर दंड परमिट ज्याच्या नावावर आहे त्याला व्हावा. हे करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.