मौखिक वाङ्मयाचे स्वामित्व आणि सार्वजनिक उपक्रम

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, झरी जामणी तालुक्यात, कोलामांच्या अनेक वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. कोलामी ही द्राविडी भाषा. एमेनो यांनी वर्धेकडील बोलीच्या आधारे केलेले तिचे वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले. या भाषेचे परंपरागत वाङ्मय लिखित नाही, मुखोद्गत आहे. अशा वाङ्मयाचे ध्वनिमुद्रण शासनाच्या मालकीच्या संस्थेने केल्यास त्याचे स्वामित्व कोणाकडे जाते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्राने पोडावरील एखादे गीत मुद्रित केले, अशी कल्पना करू. आकाशवाणी ज्या प्रसार भारतीच्या अधीन आहे, ते महामंडळ १९९० च्या अधिनियमाने निर्माण झाले. म्हणून कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या अर्थाने तो सार्वजनिक उपक्रम होय. १९८३ साली कलम १७ मध्ये घातलेल्या खंडानुसार अशा उपक्रमाने केलेल्या कृतीचा प्रथम स्वामी तो उपक्रमच असतो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारा, अशी अधिनियमाची व्याख्या आहे.

दोष आहे तो या 'कर्ता' शब्दाच्या संकोचात. मराठीत कवी गीत रचतो, पण पोडावरील बाई गीत म्हणते. रचणारा अज्ञात, म्हणणारे अनेक, अशी ही परंपरा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गायिकेला नामनिर्देशाचा आणि विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला, हे खरे. परंतु तो एका व्यक्तीचा आहे. ज्या समूहाने गीत पिढ्यानुपिढ्या जतन केले, त्याला अधिनियमात स्थानच नाही.

यावर उपाय म्हणून नवा कायदाच हवा, असे काही अभ्यासक म्हणतील. आमच्या मते त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विरुद्ध करार नसेल तरच उपक्रम स्वामी होतो, असे तोच खंड सांगतो. करार करण्यास मनाई नाही. उणीव आहे ती व्यवस्थापनाच्या दृष्टीत. या तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा अधिनियमाने ग्रामसभेस लोकांच्या परंपरा व सांस्कृतिक ओळख यांच्या रक्षणास सक्षम मानले आहे. तेव्हा करार कोणाशी करावा, हाही प्रश्न उरत नाही.

अशा करारात तीन गोष्टी असाव्यात: गायिकेचे नाव, पोड व भाषा यांची नोंद, मुद्रणाची एक प्रत गावाकडे, आणि व्यापारी उपयोगापूर्वी ग्रामसभेची संमती. खाजगी कंपनीपेक्षा सार्वजनिक उपक्रमाकडे हा ठेवा असणे श्रेयस्कर, यात शंका नाही. परंतु उपक्रमाने स्वतःस मालक न मानता विश्वस्त मानले, तरच त्याच्या नावातील 'सार्वजनिक' हे विशेषण सार्थ ठरेल.