प्राचीन मराठीचा वर्ग आणि पडद्यावरील शब्दकोश

पदव्युत्तर वर्गात ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय शिकविणाऱ्या अध्यापकाजवळ पन्नास वर्षांपूर्वी जी साधने असत, ती बोटांवर मोजण्यासारखी होती. नेमलेल्या अध्यायाची एक सटीप आवृत्ती, ग्रंथालयातून मागवून आणलेला महाराष्ट्र शब्दकोशाचा एखादा खंड आणि आपल्या गुरूच्या वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांची वही, एवढ्यावर त्याचा निर्वाह चाले. आज त्याच वर्गातील विद्यार्थ्याच्या हातातील फोनवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९५० ह्या काळात सिद्ध केलेला महाराष्ट्र शब्दकोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश, हे तिन्ही पाहता पाहता उघडतात. दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचा जो संग्रह शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांस खुला केला आहे, त्यात ह्या तिघांचाही समावेश आहे. साधनांच्या ह्या विपुलतेविषयी वाद नाही. विचार करावयाचा तो असा की, अर्थ लावणे ही जी वर्गातील मूळ क्रिया, तिचे ह्या विपुलतेत काय झाले.

ह्या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा प्राध्यापकवर्गात रूढ आहेत, आणि दोन्ही सारख्याच उथळ आहेत. भिंतीवर पडदा बसविला की अध्यापन आधुनिक झाले, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाला विद्यार्थ्याच्या हाती फोन दिसताच विद्येचा ऱ्हास दिसू लागतो. परंतु ज्या वर्गाच्या आठवणीने हा दुसरा पक्ष उसासे टाकतो, तो वर्ग तरी कसा होता? पुष्कळ ठिकाणी अध्यापक ओवी वाचीत, अर्थ सांगत, आणि विद्यार्थी तो लिहून घेत. परीक्षा जवळ आली की उरलेले काम बाजारातील मार्गदर्शिका करी. तालुक्याच्या गावी कोश असलाच तर तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली ग्रंथपालाच्या खिशात. ज्या विद्यार्थ्याला शब्द स्वतः शोधण्याची सवय कधी लागलीच नव्हती, त्याची ती सवय फोनने मोडली असे म्हणण्यात अर्थ नाही.

खरा बदल निराळ्या जागी झालेला आहे. अर्थ पुरविण्याचे काम ह्या साधनाने अध्यापकाच्या हातून काढून घेतले. परंतु हा शब्द कोणत्या लेखनाने शोधावयाचा, तो कोणत्या काळाचा आणि कोणत्या प्रतीतला, हे ठरविण्याचे काम पूर्वीपेक्षा अधिक अवघड करून त्याच्याचकडे सोपविले. ह्या दुसऱ्या कामाची दखल आपल्या वर्गांनी अद्याप घेतलेली नाही.

लेखनापासून आरंभ करणे सोयीचे. मोल्सवर्थच्या कोशात ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, तेव्हापासून शिक्षण घेतलेल्या पिढ्यांना ‘नाव’ हे एकच रूप ठाऊक आहे. अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या शोधयंत्राला मात्र ही दोन रूपे म्हणजे दोन वेगळे शब्द होत. विद्यार्थी ‘नाव’ लिहितो आणि होडी हाती येते. हे उदाहरण हसण्यावारी नेता येईल, कारण येथे चूक लगेच कळते. ‘करणें’, ‘कांहीं’, ‘पांच’ ह्यांसारख्या शब्दांच्या बाबतीत मात्र नवे लेखन वापरणाऱ्याला कित्येकदा उत्तरच मिळत नाही, आणि शब्द कोशात नाही असे समजून तो पुढे जातो. छापील कोश चाळणाऱ्याची नजर शेजारच्या शब्दावर पडे व तो आपोआप सावरला जाई. शोधाच्या चौकटीला शेजार नसतो.

‘ऱ्य’ ह्या जोडाक्षराची कथा याहून चमत्कारिक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांत गुरू कोण आणि स्वयंपाकी कोण, हे मराठीत एका रकारावर ठरते. संगणकासाठी युनिकोडची जी लिपिव्यवस्था आहे, तीत हा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन भिन्न अक्षरमालिका. एकाने एका प्रकारे टंकलेली संहिता दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारे शोधून सापडत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उमटतो, तो प्रश्न आणखी वेगळा. हस्तलिखितांच्या लेखकांचे हस्तदोष शिकविणाऱ्या अभ्यासक्रमात यंत्राच्या ह्या हस्तदोषांना एखादी तासिका देण्यास हरकत नसावी.

शोधावयाचे रूप हाती आल्यावरही व्याकरणावाचून सुटका होत नाही. ‘सांडोनि’ हे रूप जसेच्या तसे विचारले तर कोश बहुधा मौन धारण करतो. त्यातून धातू काढून ‘सांडणें’ पर्यंत विद्यार्थ्याला स्वतःच यावे लागते. म्हणजे साधनाने व्याकरणाचे अध्यापन अनावश्यक केले ही समजूत चुकीची असून, उलट व्याकरणाच्या अडाणीपणाची शिक्षा ते तत्काळ देते. पुढची अडचण काळाची. आजच्या बोलण्यात पाणी सांडते. ज्ञानेश्वरकालीन मराठीत माणूस एखादी गोष्ट सांडतो, म्हणजे टाकतो, सोडून देतो. आजचे कौतुक म्हणजे प्रशंसा. प्राचीन संहितेत त्याच शब्दात नवल आणि लीला यांची छटा असते. अशा जागी मोल्सवर्थकडे जाणारा विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील मराठीचा जबाब घेऊन येतो, तर तुळपुळे-फेल्डहाऊस यांच्याकडे जाणाऱ्याला प्राचीन ग्रंथांतील स्थळनिर्देशासह उत्तर मिळते. दोन्ही कोश प्रामाणिक आहेत. त्यांची साक्ष मात्र निरनिराळ्या काळांविषयी आहे. ग्रंथालयात एकाची पाने पिवळी आणि दुसऱ्याची पांढरी असत, त्यामुळे काळाची जाणीव नकळत होई. पडद्यावर सर्व कोश एकाच वयाचे दिसतात.

तथापि ह्या सर्वांपेक्षा गंभीर प्रश्न संहितेचा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ची. एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले ते शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये. वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या हस्तलिखितावरून १९०९ साली जी प्रत छापली, ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता, आणि तिच्याच आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. मुंबई सरकारने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रतीला राजवाडे यांच्या प्रतीचा आधार आहे. वारकरी परंपरेत पारायणासाठी चालणाऱ्या प्रती निराळ्या. ओव्यांची एकूण संख्या सुमारे ९,००० असली, तरी ती सर्व प्रतींत सारखी नाही आणि ओव्यांचे क्रमांकही पुढेमागे होतात. इंटरनेटवर ज्ञानेश्वरीची संहिता अनेक ठिकाणी मिळते. परंतु ती कोणत्या प्रतीवरून घेतली, हे सांगण्याचे कष्ट पुष्कळ ठिकाणी घेतलेले नसतात.

ह्याचा वर्गातील परिणाम पाहण्यासारखा असतो. अध्यापक क्रमांक सांगतो, चार विद्यार्थ्यांच्या फोनवर चार संहिता उघडतात, आणि त्यांतील एकाच्या पडद्यावर भलतीच ओवी येते. हा गोंधळ त्रासदायक वाटतो आणि अध्यापक बहुधा ‘माझ्या पुस्तकातील पाहा’ असे सांगून तो मिटवितो. वस्तुतः पाठभेद म्हणजे काय हे शिकविण्याची याहून चांगली संधी त्याला तळटीपांतून कधीही मिळाली नसती. छापील आवृत्तीत पाठभेद पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असत आणि विद्यार्थी ते वाचीत नसत. येथे ते आपण होऊन वर्गात उभे राहिलेले असतात.

अनुस्वाराचा प्रश्न येथे पुन्हा, आणि अधिक धारदार होऊन, उभा राहतो. आजच्या लेखनात वगळलेला अनुस्वार प्राचीन मराठीत व्याकरण वाहून नेतो. ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन, तर ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचनही असू शकते. ‘देवें’ ह्या रूपातील तृतीया त्या एका बिंदूवर उभी आहे. नव्या नियमांत वाढलेल्या एखाद्या उत्साही टंकलेखकाने संहिता ‘शुद्ध’ करून अनुस्वार गाळले, की विभक्तीच गळते. अशा निनावी संहितेतून रूपे वेचून विद्यार्थी जेव्हा तेराव्या शतकातील भाषेविषयी प्रबंधिका लिहितो, तेव्हा त्याचा पुरावा तेराव्या शतकाचा, सोळाव्या शतकाचा, की गेल्या वीस वर्षांतील टंकलेखकाचा, हे त्याला सांगता येत नाही. दुर्दैवाने मार्गदर्शकही ते विचारतोच असे नाही. प्रबंधिकेच्या संदर्भसूचीत संकेतस्थळाचा पत्ता असतो, पाहिल्याची तारीख असते. प्रतीचे नाव नसते.

ह्यावर उपायही त्याच पडद्यात आहे, हे मान्य केले पाहिजे. टंकलेल्या संहितेपेक्षा जुन्या छापील पानाची छायाप्रत अधिक विश्वसनीय, कारण तीत मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि मुद्रणदोष सर्वच जसेच्या तसे राहते. राजवाडे १९२६ साली निवर्तले. त्यांच्या संपादनावर स्वामित्वहक्क उरलेला नाही. १९६० च्या शासकीय प्रतीचीही साठ वर्षांची मुदत २०२० अखेर संपली. तेव्हा ही दोन पाने वर्गात शेजारीशेजारी प्रक्षेपित करण्यास कायद्याचा अडथळा नाही. अडथळा आहे तो तासिकेच्या वेळेचा, आणि कदाचित सवयीचा.

ओवीच्या श्रवणाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. मार्च २०२० नंतर वर्ग संगणकावर गेले, तेव्हा कोश आणि संहिता दाखविणे सुकर झाले, पण सामुदायिक वाचन बंद पडले. ध्वनी पोहोचण्यास लागणारा विलंब आणि एका वेळी एकाच आवाजाला पुढे आणणारी यंत्रणा यांमुळे दहा जणांना एक ओवी एकत्र म्हणता येत नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथ्या आखूड चरणावरचा विसावा हे कानाने शिकावयाचे असते. ही हानी वर्ग पुन्हा भरू लागल्यावर भरून काढता आली असती. ती सर्वत्र भरून निघाली, असे दिसत नाही.

२०२२ च्या अखेरीपासून विचारलेल्या प्रश्नास सलग भाषेत उत्तर देणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. कोश निदान न सापडल्यास गप्प बसतो. हे यंत्र गप्प बसत नाही. ओवीचा अर्थ विचारला असता ते सफाईदार अर्थ देते, आणि स्थळ विचारले असता अध्याय व क्रमांकही देते, मग तेथे तशी ओवी असो वा नसो. कधी कधी ओवीच नवी तयार होऊन येते. ज्ञानेश्वरीत आपल्या पदरची ओवी घालणाऱ्यास एकनाथांनी शुद्धीकरणाच्या अखेरीस जी ताकीद दिली, तिचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की, त्या वेळी ओवी घालणाऱ्याला ती आपली आहे हे ठाऊक असे. ह्या यंत्रावर बंदी घालून काही साधेल असे वाटत नाही. त्याने दिलेली ओवी घेऊन दोन प्रतींत ती शोधावयास लावणे, हा मात्र संहिताचिकित्सेचा उत्तम पाठ होईल.

परंतु असा पाठ देण्यास अध्यापकाने का प्रवृत्त व्हावे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर प्रश्नपत्रिकेत आहे. प्रश्नपत्रिका अद्याप शब्दार्थ, संदर्भासह स्पष्टीकरण आणि ‘काव्यसौंदर्य विशद करा’ ह्यांभोवती फिरते. ह्या तिन्हींची उत्तरे आज फोनमध्ये तयार असतात, आणि विद्यार्थी ती पाठ करून येतात. पूर्वी मार्गदर्शिकेतून करीत तशीच. एकाच ओवीचे दोन प्रतींतील पाठ समोर ठेवून कोणता अधिक जुना व कशावरून, असे विचारले, तर पाठ केलेल्या उत्तराचा उपयोग होत नाही. विभक्ती पाहावी लागते, लेखन पाहावे लागते, नंतरच्या लेखकाने अवघड रूप सोपे केले असण्याचा संभव तोलावा लागतो. अशा प्रश्नासाठी परीक्षागृहात इंटरनेट लागत नाही. दोन छापील पानांच्या छायाप्रती प्रत्येक उत्तरपत्रिकेबरोबर जोडाव्या लागतात, आणि तपासनिसाला त्या पानांतील फरक स्वतःला ठाऊक असावा लागतो.