डॉस परतले, देवनागरी कुठे?

जुने संगणकीय लेखन जपण्याचा खात्रीचा मार्ग म्हणून आज एम्युलेटरकडे बोट दाखवले जाते. जुने यंत्र सांभाळत बसायचे नाही. त्याची वागणूक नव्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभी करायची, असा हा विचार. इंग्रजीपुरता तो मला पटतो. मराठीला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

आधी इंग्रजीची बाजू पाहू. वर्डस्टार १९७८ साली आला, डॉसवर १९८२ मध्ये. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपण अजूनही वर्डस्टार ४.० वरच लिहितो, असे २०१४ साली सांगितले. कॅनडाचे विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ मध्ये वर्डस्टार ७ चा संच, पुस्तिकांसह आणि डॉसबॉक्स-एक्स या एम्युलेटरसह, सर्वांना खुला केला. वर्डस्टार टंकयंत्रापेक्षा हाताने लिहिण्याच्या जवळचा आहे, असे सॉयर यांचे जुने प्रतिपादन. लिनक्सवर डॉसबॉक्स-एक्स घेऊन एखादे फोल्डर 'सी' ड्राइव्ह म्हणून जोडले, की ते पडताळता येते. कंट्रोल-के-बी दाबून परिच्छेदाच्या आरंभी खूण करावी आणि शेवट कुठे करायचा ते सावकाश ठरवावे. लेखनाची ही सवय एम्युलेटरमध्ये शाबूत राहते.

आता मराठी. डॉसच्या पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक घरात एक चिन्ह. 'स्त्री'सारखे जोडाक्षर त्यात मावत नाही. त्यावर उपाय म्हणून आयआयटी कानपूरमधील संशोधनातून आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधून जिस्ट कार्ड आले. ते संगणकात बसवले की नेहमीच्या डॉस प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसे. फाइलमध्ये मात्र इस्की या प्रमाणाचे संकेत उच्चारक्रमाने साठत. 'स्त्री'साठी असे सहा संकेत लागतात: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. त्यांचे एक अक्षर घडवण्याचे काम कार्डाचे. म्हणजे संकेत फाइलमध्ये आणि लिपी कार्डात, अशी ही वाटणी होती.

डॉसबॉक्स-एक्स साउंड ब्लास्टर कार्डाची नक्कल करतो, जपानच्या पीसी-९८ संगणकाचीही करतो; जिस्ट कार्डाची करत नाही. इस्की फाइल त्यात 'टाइप' आज्ञेने पडद्यावर आणली, तर 'क'च्या १७९ या संकेताजागी उभी रेघ उमटते. 'क'पासून 'ह'पर्यंतची व्यंजने तक्ता आखायच्या रेघा होतात. हलन्ताच्या जागी ग्रीक 'फाय' दिसते. यंत्र हुबेहूब चालते आणि मराठीचे एक अक्षरही वाचता येत नाही.

म्हणून फ्लॉपीची प्रत आणि एम्युलेटर एकत्र ठेवले म्हणजे जतन झाले, हा समज मराठीपुरता अपुरा आहे. येथे खरा आधार लिप्यंकनाच्या रूपांतराचा. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली आहे आणि लिनक्सवर मिळणाऱ्या आयसीयू या संग्रहात असे रूपांतर करण्याची सोय आहे. मूळ फाइल न बदलता तिच्याशेजारी युनिकोड प्रत ठेवावी आणि ती कोणत्या कार्डावर, कोणत्या प्रोग्रॅममध्ये लिहिली गेली याची नोंद करावी. त्या काळातली हस्तलिखिते आणि अंकांच्या मुद्रणप्रती ज्यांच्या कपाटात फ्लॉपीवर पडून आहेत, त्यांनी हे काम पुढच्या पिढीवर सोडू नये. चुंबकीय तबकडीचे आयुष्य तेवढे नाही.